डब्यावरचं नाव

गुडीहत्नूर, ५ नोव्हेंबर १९९६

ती. सुधाकरराव दाजींस,
महिपतचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

इकडे सारे खुशाल आहेत. बापूजींचा गुडघा हवा बदलली की कुरकुरतो आणि आई रोज तुमची (खरं म्हणजे रेणुकाताईची) आठवण काढते. तुमच्या पोटाचं आता कसं आहे? ताईनं भाजीत तिखट कमी घालावं असं माझं मत आहे, पण ते माझं आहे असं तिला सांगू नका.

आदिलाबादच्या कम्प्युटर क्लासमध्ये शिकवता शिकवता मी दीड वर्ष खपून एक खेळ तयार केला, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ज्वारीची तीन वावरं, मचाणावर राखण करणारा गडी, आणि रानडुकरं आली की गोफणीनं हाकलायची. बापूजींनी मला तुळशीच्या लग्नापर्यंत मुदत दिली आहे. तोवर हा खेळ कोणी खेळतं असं दिसलं तर ठीक, नाही तर मुकाट्यानं आपल्या भांड्यांच्या दुकानात बसायचं. दाजी, मला दुकानात बसायचं नाही.

क्लासचे मालक वामनराव हैदराबादेत कुठलंसं भाषण ऐकून आले होते. त्यांचं म्हणणं, खेळापेक्षा खेळ करणाऱ्याचं नाव लोकांच्या तोंडी बसलं पाहिजे. मला ते लगेच पटलं. (माझ्या भल्याच्या गोष्टी मला लगेच पटतात.) खेळाच्या सुरुवातीला माझा चेहरा यावा म्हणून मी तो ठिपक्याठिपक्यांनी काढला. त्यात तीन महिने गेले. डुकरं चार दिवसांत झाली होती. तरी पहिल्याच खेळणाऱ्यानं माझ्या चेहऱ्यावर गोफण चालवली.

मग नाव घरोघर जावं म्हणून दुकानातल्या नाव कोरायच्या मशीनवर मी साठ स्टीलच्या डब्यांवर ‘खेळकर्ता महिपत, गुडीहत्नूर’ असं कोरलं आणि प्रत्येकात एक फ्लॉपी ठेवली. जिल्ह्यात जिथे जिथे कम्प्युटर असल्याचं ऐकलं तिथे तिथे दसऱ्याच्या आत डबा पोचवला. बेज्जूरला एक आहे असं कळलं, म्हणून दिवसभर बसचे धक्के खात गेलो, तर तो टाइपरायटर निघाला. (डबा देऊन आलो. रिकाम्या हातानं बरं दिसत नाही.)

पण दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लोकांनी फ्लॉपी कम्प्युटरपुढे पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. आता पूजेतली वस्तू मशीनमध्ये कोण घालणार? एका कापसाच्या जिनिंगच्या मुनीमजींनी मात्र कुंकवासकट घातली. ते मशीन अजून बंद आहे. (मी हल्ली त्या रस्त्यानं जात नाही.)

डबे तेवढे सगळ्यांच्या घरी गेले आणि भलतेच आवडले. उटनूरच्या एका कारकुनाच्या पत्नीनं, कुसुमबाईंनी, तसलेच आणखी चार मागवले, नावासकट! बापूजी हरखून गेले. म्हणाले, “महिपत, तुह्या नावाचा डबा लै चालून राह्यला. आता त्या कम्प्युटरच्या मांगं काऊन लागतं बापा?” त्यांनी दुकानाच्या पाटीवर माझं नाव रंगवायला पेंटरही सांगितला आहे. डबे चांगलेच आहेत हो, दाजी, पण ते मी केलेले नाहीत.

असो. ताईला नमस्कार. थंडीत कानाला रुमाल बांधत जा.

आपला,
महिपत

ता. क. तुमच्या ऑफिसात कम्प्युटर आहे. सोबत एक फ्लॉपी (बिनकुंकवाची) पाठवत आहे. खेळून पाहा आणि बापूजींना एक पत्र टाका. कौतुक अजिबात नको. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून त्यांचा कौतुकावर विश्वास उरलेला नाही. कडक तक्रार लिहा. तक्रार आली म्हणजे माल वापरला गेला, असं ते धरतात. आणि तक्रार जावयाची असली की ती त्यांना हसण्यावारी नेता येत नाही.

ता. क. २. तक्रार शोधत बसू नका. तिसऱ्या वावरात शेवटचं डुक्कर कुंपणात अडकतं आणि खेळ तिथेच थांबतो. मला हे परवा कळलं. (मी स्वतः माझ्या चेहऱ्यापुढे फारसा गेलो नव्हतो.) साठही फ्लॉप्या तशाच गेल्या आहेत. आधी वाटलं, आता लोक दारात येतील. पण दसऱ्याला दोन आठवडे होऊन गेले, कोणीही आलेलं नाही. दाजी, एक जण जरी चिडून आला असता, तरी मी त्याला जेवू घालून पाठवलं असतं.