मध्यक म्हणजे दुकान बंद व्हायची वेळ नव्हे

ती. ताईस,

सु-ओचा नमस्कार. दाजींना वेगळा नमस्कार लिहीत नाही, कारण तुझी पत्रं ते तुझ्याआधी फोडतात. त्यांचा त्यांना मिळाला असेल. तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या ह्वालिएनला अजून जमीन हलतेय असं टीव्हीवर सांगत होते. कपाटावरच्या बरण्या खाली काढून ठेव. मी ठीक आहे. म्हणजे माझ्या फुप्फुसात कॅन्सर आहे, पण ठीक आहे.

हे वाक्य मुद्दाम असं ठणठणीत लिहिलं, कारण आमच्या घरात चार महिने ते कुणी उच्चारलं नाही. ची-युआनने (माझा मुलगा असला तरी लाड तुझे, त्यामुळे ही तक्रार तुझ्याकडेच) डॉक्टरांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं की आईला काही कळू देऊ नका, तिला सोसणार नाही. मग मला रोज एक गोळी सुरू झाली, छातीत साठलेल्या कफाची म्हणून. ताई, मी चियायीत एकतीस वर्षं टर्कीभाताचं दुकान चालवलं. टर्की आजची की कालची हे मला पिशवी न उघडता कळतं. कफाची गोळी खाणाऱ्या बाईला हॉस्पिटलची नर्स दर आठवड्याला फोन करून नखं सुजली का, असं विचारील का? एक दिवस मी गोळ्यांच्या खोक्यातला कागद भिंग घेऊन वाचला आणि जेवताना ची-युआनसमोर ठेवला. तो रडला. इतका रडला की मलाच त्याची पाठ थोपटत बसावं लागलं, आणि आजारी नक्की कोण हे माझं जेवण गार होईपर्यंत ठरेना. तुलाही सगळं ठाऊक होतं हे त्याच्याकडूनच कळलं. त्याबद्दल पत्रातून भांडत नाही. ते समोर बसून भांडायचं काम आहे.

त्यानंतर मी ठरवलं की यापुढे माझ्याबद्दलची कुठलीही गोष्ट माझ्याआधी दुसऱ्याला कळता कामा नये. हॉस्पिटलच्या सभागृहात शनिवारी सकाळी व्याख्यान होतं: 'फुप्फुसाच्या कॅन्सरवरील नवे संशोधन, रुग्णांच्या भाषेत'. ची-युआनला मागच्या रांगेत बसवून मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. बोलायला आमचेच डॉक्टर लाई. पोरगा हुशार आहे, पण रुग्णांची भाषा म्हणजे आपलीच भाषा हळू आवाजात, अशी त्याची समजूत. पडद्यावर एक आलेख आला, किती रुग्ण किती महिने जगले याचा, उतरत्या जिन्यासारखा. मध्यक इतके इतके महिने, असं म्हणून तो पुढे सरकला. मी बोटांवर महिने मोजले तर ते बरोबर एका कंदील उत्सवाच्या आसपास येऊन थांबले. म्हणजे माझी तारीख ठरली, असंच मला वाटलं. शेजारच्या बाईही बोटांवरच मोजत होत्या, आणि त्यांनी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. ते पाहिलं आणि मी उठून उभी राहिले.

"डॉक्टर, या जिन्यावर मी कितव्या पायरीवर आहे?"

"आजी, हा जिना शेकडो लोकांचा मिळून आहे. तुमचा एकटीचा नाही."

"मग माझा दाखवा."

"तो माझ्याकडे नाही," तो म्हणाला. "कुणाकडेच नाही."

ताई, चार महिन्यांत माझ्या तोंडावर 'माहीत नाही' म्हणणारा हा पहिला माणूस. तिथेच तो मला आवडला. मग तो मध्यक समजावू लागला, पण त्याच्या समजावण्याने आणखी दोघींनी मास्क वर ओढले, तेव्हा मीच मागे वळून सांगितलं. शंभर गिऱ्हाइकं जेवायला बसली. एक वाजेपर्यंत पन्नास उठून गेली. एक वाजता हा तुमचा मध्यक. उरलेली पन्नास अजून जेवतायत, आणि ती कधी उठणार हे त्या एकच्या ठोक्यावरून कळत नाही. आमचे फांग मास्तर एका वाटीवर आणि एका वर्तमानपत्रावर चार वाजेपर्यंत बसायचे. मी खुर्च्या उलट्या करून टेबलावर चढवल्या तरी हलायचे नाहीत. लोक हसले. डॉक्टर लाईने वहीत काहीतरी लिहून घेतलं. (टर्कीभात असं लिहिलं असावं.)

पुढचं मात्र त्याने नीट सांगितलं. माझ्या कॅन्सरच्या पेशींत जो बदल आहे, त्यावरच ही गोळी काम करते. नव्या संशोधनात दिसलं की गोळीच्या जोडीने सलाईनमधून केमो दिली, तर आजार आणखी काही काळ दबून राहतो. पण उलट्या, थकवा, रक्त कमी होणं, हॉस्पिटलच्या फेऱ्या हेही त्याच पटीत वाढतं. सगळ्यांना ते झेपत नाही, आणि नुसती गोळी घेणारे मूर्ख नव्हेत. 'ठरवायचं तुम्ही,' असं तो म्हणाला, आणि ची-युआनने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पहिल्यांदाच घरात आलेली पाहुणी आहे.

व्याख्यान संपल्यावर छियू नावाच्या नर्सने (फोनवर नखं विचारणारी हीच) मला गाठलं. रुग्णांसाठी माहितीपत्रक छापायचं होतं, तुम्ही वाचून बघा म्हणाली. मी लाल पेन मागितलं. 'मलविसर्जनाच्या वारंवारतेत बदल' असं होतं, ते खोडून 'जुलाब' लिहिलं. 'त्वचेवरील प्रतिक्रिया' खोडून 'चेहऱ्यावर अठराव्या वर्षासारख्या पुटकुळ्या' लिहिलं. शेवटी ठळक अक्षरांत होतं, 'रुग्णाने सदैव सकारात्मक राहावे'. ते मी इतक्या जोरात खोडलं की कागद फाटला. वर लिहिलं, 'रुग्णाने वाटेल तसं राहावं. गोळी मात्र वेळेवर घ्यावी.' छियू म्हणाली, हे वरचे साहेब मान्य करणार नाहीत. मी म्हटलं, वरच्या साहेबांना जुलाब होऊ देत, मग विचारू.

एक ओळ मी तुझ्यासाठी घातली आहे. तू पाठवलेली ती रानातली अळंबी मी तीन आठवडे उकळून प्यायले, आणि रक्ताच्या तपासात यकृताचे आकडे असे चढले की माझी खरी गोळी पंधरा दिवस बंद ठेवली. छियूने विचारलं तेव्हा मी काहीच घेत नाही म्हणाले. तिने माझी पिशवी हुंगली. तर पत्रकात आता आहे: 'प्रेमाने आलेली औषधंही आधी डॉक्टरांना दाखवावीत.' आणि तू लिहिलंस की कढईच्या धुराने हे झालं, दुकान आधीच सोडायला हवं होतं. धुराचा हात असू शकतो, असं डॉक्टर लाई म्हणतो, पण माझ्या बाबतीत ते कुणी सांगू शकत नाही. मी त्या कढईची माफी मागणार नाही आणि तिला माझी मागायला लावणार नाही. आम्ही दोघी कामाला होतो.

गोळी आणि सलाईन, मी दोन्ही घ्यायचं ठरवलं आहे. कागदावर सही मी केली, माझ्या हाताने, ची-युआनला पेनही धरू दिलं नाही. मला कशाचीही भीती वाटत नाही, हे दाजींनाही मोठ्याने वाचून दाखव.

तुझं कधीच न ऐकलेली बहीण,
सु-ओ

ता. क. पत्रकाची प्रत सोबत आहे. जिथे अडशील तिथे खूण कर. छियूला अवघड वाचक हवा होता. मी तुझं नाव दिलं आहे.

ता. क. पहिलं सलाईन पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला. सोबत कुणीतरी हवं, असा नियम आहे. माझी ताई येणार आहे, असं मी लिहून दिलं. तुला विचारायचं राहिलं.

ता. क. ची-युआन गाडी लावायला गेला आहे आणि मी पोस्टातल्या बाकावर बसून हे लिहितेय, म्हणून घाईचं अक्षर. सुईचं मला काही वाटत नाही. पण ते सलाईन कित्येक तास चालतं आणि तेवढा वेळ एका खुर्चीत बसून राहायचं, हातात काही काम नाही. एकतीस वर्षांत मी अशी बसलेली नाही. रिकामी बसले की काय काय मनात येईल, याची मला फार भीती वाटते, ताई. तू ये आणि ते भांडण तेव्हाच काढ. सगळं संपेपर्यंत थांबू नकोस.