आत्याच्या विहिरीचं ऑनलाइन लायसन

२ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून मी आत्याच्या बर्फाच्या कारखान्याचा डिजिटल हेड. पोस्ट मीच क्रिएट केली, अपॉइंटमेंटही मीच दिली. आत्याला सांगितलं. म्हणाली, बरं, आधी चहा घे.

पहिलं प्रोजेक्ट: पाण्याचं लायसन. कारखान्याच्या मागे विहीर, विहिरीवर पंप, पंपाला मीटर. वर्षाला किती पाणी उपसायचं ते पाणी खातं ठरवतं. आपल्याला नऊ हजार घनमीटर मंजूर आहे. एकतीस मार्चला मुदत संपते. रिन्यू झालं नाही तर पंपाला सील. पंप नाही तर बर्फ नाही, आणि बर्फ नाही तर आत्याचं काहीच नाही. आत्याचे यजमान गेल्यापासून सतरा वर्षं ती एकटीच हा कारखाना चालवतेय.

आणि सतरा वर्षं ती रिन्यू कसं करते? प्लास्टिकच्या पिशवीत फाइल घालून पाणी ऑफिसात जाते. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंशी गुडघेदुखीवर बोलते. शिक्का मारून घेते. येते. अर्धा तास. किती प्रिमिटिव्ह!

म्हटलं, आत्या, यंदा तू पायरी उतरायची नाहीस. सगळं ऑनलाइन. ती म्हणाली, पण मला त्या बाईंना भेटायचं असतं रे.
इमोशनल लोक.

३ मार्च
पाणी खात्याच्या साइटवर अकाउंट उघडलं. पहिला पासवर्ड रिजेक्ट. वीक म्हणे. दुसराही वीक. तिसरा इतका स्ट्राँग निघाला की दुपारपर्यंत मलाच आठवेना.
उद्या फ्रेश स्टार्ट.

५ मार्च
ओटीपी माझ्या मोबाइलवर येत नाही. खात्याकडे आपला रजिस्टर्ड नंबर म्हणजे कारखान्यातला लँडलाइन. तो भिंतीवर, कंप्रेसरच्या शेजारी. तिथे असतात मिस्त्री. हे आत्याच्याही आधीपासून मशीन चालवतात आणि मला 'कंप्युटर' म्हणतात. ओटीपी आवाजात येतो. फोन मिस्त्रींनी उचलला आणि ठेवून दिला. विचारलं, कोण होतं? म्हणाले, कुणी बाई पाढे म्हणत होती.
असं तीन वेळा. तिसऱ्यांदा तर तिला म्हणाले, बाई, इथे बर्फ मिळतो, शाळा पुढच्या गल्लीत.
मिस्त्रींना दोन मिनिटं कंप्रेसर बंद करायला सांगितलं. डब्यांतलं पाणी अर्धंच गोठलंय, म्हणाले, मी बंद करतो, मग उरलेलं तुम्ही फुंकर मारून गोठवा.
चौथ्यांदा मी स्वतः फोनला कान लावून उभा. सहापैकी चार आकडे कळले.
एकोणिसाव्यांदा सहाही कळले. याला म्हणतात पर्सिस्टन्स.

९ मार्च
डॅशबोर्ड उघडला. फार सुंदर आहे. निळा. 'प्रोफाइल ६०% पूर्ण' असं लिहून येतं. इतकं प्रोत्साहन मला घरात कुणी दिलेलं नाही.
आत्याला बोलावून दाखवला. तिने चष्मा लावला, वरून खाली पाहिलं, विचारलं, शिक्का कुठे असतो? म्हटलं, आता शिक्का नसतो, स्टेटस असतं. ती म्हणाली, मग तो पाणी खात्याचा माणूस आला की त्याला काय दाखवू? म्हटलं, स्टेटस. तिने चष्मा काढून ठेवला. कन्व्हिन्स झाली.

१२ मार्च
अ‍ॅन्युअल रिटर्न भरायचं आहे. बारा महिन्यांचा पाणीवापर. मिस्त्री दर एक तारखेला मीटर बघून वहीत पेन्सिलने आकडा लिहितात. सगळे सहा-सहा आकडी. भरले. बारा लाल रेघा. 'वापर मंजूर मर्यादेपेक्षा जास्त.'
बेरीज केली. पन्नास लाखांच्या वर जाते. मिस्त्रींचं गणित कच्चं दिसतंय. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं? विचारलं नाही. त्यांचा मान राखला.

१७ मार्च, दुपारी
पाच दिवस त्याच पानावर. नंबर भरले की लाल. रिकामं सोडलं तरी लाल. शेवटी खाली एक छोटा चौकोन सापडला: 'या वर्षी पाणी घेतले नाही.' टेम्पररी टिक केलं, फक्त पुढचं पान कसं आहे बघायला.
पान उघडलं! एकही लाल रेघ नाही. स्कोअर शंभरपैकी शंभर. वर एक हिरवं पान उगवलं आणि लिहून आलं, 'अभिनंदन, आपण जलमित्र आहात.'
आकडे नंतर एडिट करू. आधी सबमिट.

१८ मार्च
सबमिट केल्यावर एडिट होत नाही.
ठीक आहे. कुणीतरी माणूस बघेलच ना. बर्फाचा कारखाना आहे म्हटल्यावर पाणी लागतं हे कुणालाही कळेल. सिस्टिम बनवणारे काही वेडे नसतात.

२३ मार्च
स्टेटस: अंडर रिव्ह्यू.
आत्या म्हणाली, खिडकी एकतीसपर्यंत उघडी आहे, मी एकदा जाऊन येऊ का? मला वाईट वाटलं. ट्रस्टवर टीम चालते, हे तिला समजावलं. मिस्त्री डबे गरम पाण्यात बुडवून लाद्या सुट्या करत होते. तिथूनच म्हणाले, ताई, जाऊन या. त्यांना टीममध्ये धरलेलं नाही.

३० मार्च, सकाळी १०
आत्या चपला घालून, पिशवी घेऊन दारात उभी. म्हणाली, फक्त विचारून येते, राजा. मी तिच्या हातातून पिशवी काढून घेतली. म्हटलं, आता दोन ठिकाणी अर्ज दिसला तर दोन्ही रिजेक्ट होतील. (असा नियम नक्की असणार.) तिने पिशवीकडे पाहिलं. मग चपला काढल्या.
थोडा कठोर झालो. पण लीडरशिप.

३१ मार्च, दुपारी ४.४०
मंजूर!!!
हिरव्या अक्षरात. मंजूर! ओरडत खाली गेलो. आत्याने माझ्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. तिचे हात थंडगार होते. म्हणाली, उगाच शंका घेतली बघ मी तुझ्यावर. मिस्त्रीसुद्धा म्हणाले, जमलं म्हणायचं कंप्युटरला.
प्रिंट काढून लॅमिनेट केली. दोन पानं होती, दुसऱ्यावर नुसता बारीक तक्ता. पहिलंच लॅमिनेट केलं, तेच दिसायला चांगलं होतं.
पुढचं प्रोजेक्ट: बर्फाची ऑनलाइन ऑर्डर. पाच वर्षांत तीन कारखाने.

१४ एप्रिल, संध्याकाळी ५.१५
पाणी खात्याचा माणूस आला होता. हातात सीलची तार.
मी शांतपणे लॅमिनेशन दाखवलं. त्याने वाचलं. म्हणाला, हो, मंजूरच आहे. किती मंजूर आहे ते बघितलंत का? मग त्याच्या मोबाइलवर दुसरं पान उघडून दाखवलं. मंजूर पाणी: शून्य घनमीटर.
म्हटलं, शून्याचं लायसन कोण कशाला काढेल? तो म्हणाला, आम्हालाही तेच वाटलं. पण तुम्हीच लिहिलंत वर्षभर पाणी घेतलं नाही. जो घेत नाही त्याचं पाणी काढून ज्याला हवंय त्याला देतात.
आत्याने मला काही विचारलं नाही. त्याला विचारलं, डबे भरलेत, तेवढे गोठू देता का? माणूस चांगला होता. म्हणाला, मावशी, गोठवायला माझी हरकत नाही, मी फक्त पंप बांधतो.

त्याच दिवशी, नंतर
मिस्त्रींनी वही काढली. म्हणाले, मीटरच्या आकड्यातून मागच्या महिन्याचा आकडा वजा करायचा असतो. गाडी घेतल्यापासूनचे सगळे किलोमीटर एका दिवसात पळालो असं सांगता का तुम्ही?
म्हटलं, मला आधी सांगायचं ना. ते म्हणाले, तुम्ही आधी विचारायचं ना.
कम्युनिकेशन गॅप. दोन्ही बाजूंनी.

१५ एप्रिल
अपील करता येतं! निर्णयापासून चौदा दिवसांत.
चौदावा दिवस काल होता.
हेल्पच्या चौकोनात सगळं लिहिलं. उत्तर आलं: 'मी समजू शकतो. आपण पाणी वाचवण्याच्या टिप्स पाहू इच्छिता का?'

१६ एप्रिल, गुरुवार
आत्याबरोबर पाणी ऑफिसात. पिशवी तिच्याकडे. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाई आत्याला बघून उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अहो, कुठे होतात? मार्चभर रोज म्हणत होते, आज येतील, आज येतील. मला वाटलं, बरं नाही की काय.
त्यांनी वही बघितली. पाच मिनिटांत बाराही वजाबाक्या केल्या. एकूण आठ हजार सहाशे चाळीस. म्हणाल्या, मार्चमध्ये आला असतात तर मीच भरलं असतं. आता तो अर्ज माझ्याकडूनसुद्धा उघडत नाही. आणि तुमचे नऊ हजार वाटून झाले. नवीन अर्ज करा, पण पुढे रांग आहे. दीड वर्ष तरी.
आत्याने विचारलं, गुडघा कसा आहे? बाई म्हणाल्या, तसाच. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं.
घरी येताना बसमध्ये म्हटलं, दीड वर्ष म्हणजे फक्त सहा क्वार्टर्स. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

२४ एप्रिल
प्लॅन बी: टँकरचं पाणी. दोन टँकर मागवले. लाद्या पिवळट निघाल्या, मध्ये मातीची रेघ. मासेवाल्या बाईंनी एक लादी उचलून उन्हात धरली आणि आत्याला म्हणाल्या, ताई, यावर मी मासे ठेवू की मासे काढून हीच विकू? दूधवाला कालपासून दुसरीकडून घेतोय.
टेस्टिंग फेज आहे.

८ मे
कंप्रेसर बंद. लहानपणापासून मी इथे आलो की हा आवाज असायचाच. आता खोलीत पंखा किती वाजतो ते कळतं.
मिस्त्री रोज वेळेवर येतात, रिकामे डबे पुसतात, घरी जातात. आज आत्या त्यांना म्हणाली, तुम्ही आता दुसरीकडे बघा. ते म्हणाले, बघतो. आणि पुढचा डबा घेतला.
बाबांचा फोन. म्हणाले, तू तिथे मदत करायला गेला होतास ना? नेटवर्क नाही सांगितलं.

१९ मे, मंगळवार
आत्याने स्वतःहून ऑनलाइन काम सांगितलं. पहिल्यांदाच. कंप्रेसर विकायची जाहिरात टाक म्हणाली. मी म्हटलं, थांब ना थोडं, काहीतरी मार्ग निघेल. ती म्हणाली, गंज चढण्याआधी जाऊ दे, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.
फोटो काढले. मिस्त्रींनी आधी तो पुसून दिला. मॉडेल, वर्ष, किती चालला, सगळं त्यांना विचारून भरलं. प्रत्येक आकडा दोनदा विचारला. ते 'कंप्युटर' म्हणाले नाहीत.
शेवटचा रकाना: 'विक्रीचे कारण.' कंपल्सरी. पर्याय तीन: नवीन मशीन घेतले, जागा बदलली, इतर. 'इतर' निवडलं. खाली चौकोन उघडला: 'कृपया स्पष्ट करा.'
'पाणी खातं' लिहिलं. खोडलं. 'सिस्टिम एरर' लिहिलं. तेही खोडलं. आत्याने आतून विचारलं, झालं का रे?
मी लिहिलं, 'भाचा'. लगेच सबमिट झालं.