साठ दातांचं चाक

श्रावण वद्य ३, मंगळवार. कोल्हापूर

लेथवर भोक पडतं ते बरोबर मध्ये. पण पंपाच्या झाकणाला कडेनंही सहा भोकं लागतात, सारख्या अंतरावर. म्हणून झाकणाबरोबर फिरणाऱ्या लेथच्या साठ दातांच्या चाकाला अडवणारा खटका बसवला. अडलेल्या दाताला खडू लावायचा, तिथून दहाव्या दातावर पुन्हा अडवायचं आणि बाजूला बांधलेल्या गिरमिटानं भोक पाडायचं. इतकं सोपं. तरी आज पाच अंतरं आखूड आली, शेवटचं लांब. चाकाचे दात दोनदा मोजले. साठच भरले. मग चुकलं कुठं?

भागीदार बाबालाल म्हणाला, "झाकण मुंबईला धाडूया. आपल्याच्यानं व्हायचं न्हाय." ते फार लागलं.

बायको भाकरी घेऊन आली, तिला दात मोजून दाखवले. म्हणाली, "मेल्याचा दिवस धरून दहावा मोजत्यात, तसं मोजलासा की तुमी."

खरंच. खडूचा दात मी दर वेळी 'एक' धरत होतो. चाक नऊच दात सरकत होतं.

ओतीव झाकण आता एकच उरलंय. ते मुंबईला जाणार नाही. उद्या खडूच्या दातावर बोट ठेवून गप्प राहायचं, आणि पुढच्या दाताला 'एक' म्हणायचं.