परसातल्या विहिरीचं पाणी

३ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
तीनदा माशांनी अंडी घातली आणि तिन्ही वेळा माझी फजिती झाली. निम्मी अंडी पांढरी पडली. उरलेल्यांतून पिल्लं निघाली, पण कणे वाकडे. जागच्या जागी गोल फिरतात आणि तिसऱ्या दिवशी तळाला बसतात. हौदात आपल्या परसातल्या विहिरीचं नितळ पाणी, खाणं वेळच्या वेळी; मग चुकतंय कुठे? आईने एकदाच वाकून पाहिलं, तोंडावर हात धरून आत गेली. हा धंदा सोड म्हणते.
अंडी आणि पाण्याची बाटली पाठवतोय. तुझ्या प्रयोगशाळेच्या साहेबीणबाईंना सवड झाली तर बघावं.
तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेला,
गुंड्या

११ मार्च
चि. गुंड्यास,
अ. उ. आ.
साहेबीणबाईंनी हातातलं सगळं बाजूला ठेवून पाहिलं. तुझं काही चुकलेलं नाही. पाण्यात शिसं आहे, आणि भरपूर आहे. मोठा मासा ते बराच काळ सोसतो; पण अंड्यात कणा, काळीज, मेंदू घडत असतात, तिथेच ते घात करतं. भिंगाखाली एक पिल्लू अंड्यातच वाकडं होऊन थरथरत होतं. डोळे मात्र पुरे झालेले, काळेभोर. मी जागेवरून उठले तरी माझ्याकडेच बघतंय असं वाटत राहिलं.
जवळपास कारखाना नाही. मग बाबांची भट्टी आठवली. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे, ती राख कुठे टाकायचे? विहिरीमागे खणून बघ. हातमोजे घाल, आळस करू नकोस. पिण्याचं पाणी नळाचंच आहे ना?
काळजीत असलेली,
ताई

१९ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.
दोन हात खणलं आणि कुदळ वाजली. बॅटऱ्यांच्या पट्ट्या, खाली राखेचा जाड थर. पितो आम्ही नळाचंच. पण नळ आला आपली धाकटी चिमी गेल्यावर. भट्टी सुरू झाली ती चिमी जन्मली त्याच वर्षी. आपण दोघं तोवर मोठे झालो होतो. तिचं दूध त्याच पाण्यात कालवलं जायचं. चार वर्षांची झाली तरी बोलली नाही, पोट धरून रडायची, सहाव्या वर्षी गेली. अंगणात कशी गोल गोल फिरायची, आठवतं? मला आता हौदाकडे बघवत नाही.
आईला सांगू का? बाबा तर उत्तर द्यायला नाहीत.
काहीच न सुचणारा,
गुंड्या

२ एप्रिल
चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.
आईला सांग असं तू लिहिलंस, म्हणून गुंड्याने मला सगळं सांगितलं. बरं केलंत.
चिमी दोन महिन्यांची असताना माझ्या हातून निसटली होती. तिचं पुढे जे झालं ते त्यामुळेच, असं तुझे बाबा म्हणाले, आणि तेवीस वर्षं मी तेच धरून बसले. तुझ्या मुलालाही कधी उचलून घेतलं नाही. तुला वाईट वाटायचं, मला दिसायचं.
शेवटच्या आजारपणात बाबा सारखे म्हणायचे, विहीर बुजवा. मला वाटलं, भ्रम झालाय. आता वाटतं, त्यांना कळलं होतं. मला मात्र सांगितलं नाही.
गुंड्याने विहिरीवर झाकण घालून कुलूप लावलंय. माती तपासायला माणसं येणार आहेत. हौद त्याने नव्याने बांधायला घेतलाय, नळाच्या पाण्यासाठी.
तुझ्या मुलाला घेऊन ये. आठ वर्षांचा घोडा मांडीवर मावायचा नाही, लाजेलही. तरी त्याला सांगून ठेव, आजीला एकदा घ्यायचंय म्हणून.
तुमची वाट बघणारी,
आई