जोडव्यांची परीक्षा

लालबाग, गुरुवार

तीर्थरूप शेवंतीअक्काला धाकट्या राधाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? तेल लावून शेक देतेस, की बाटली नुसती फडताळात ठेवून तिच्याकडे बघतेस? आम्ही इथे सगळे बरे आहोत. पाकिटावर तुझ्या नावाआधी गं. भा. लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे. भावोजींना जाऊन दोन वर्षं झाली, आता पोस्टमनला ते दर वेळी कळवायची गरज नाही.

तर बातमी अशी, की मी पन्नासाव्या वर्षी गिरगावात दागिने घडवायचा तीन महिन्यांचा कोर्स केला. (फोनवर बोलले नाही, कारण तू आधी हसली असतीस आणि मग गावभर सांगितलं असतंस.) एका वाडीतली दुसऱ्या मजल्यावरची खोली. शिकवायला गुणाजी मास्तर, जन्मभर चांदीकाम केलेला माणूस, बोलतो कमी आणि बघतो जास्त. माझ्या शेजारी आकांक्षा नावाची बावीस वर्षांची मुलगी. ती कॉम्प्युटरवर असे हार काढते, की ते घालायला मानच वेगळी आणावी लागेल.

पहिल्याच आठवड्यात मी घोळ घातला. एक दिवस सकाळी लवकर पोचले, तर पाटाखाली, कोपऱ्यात, जिकडे तिकडे ही धूळ! महिनोन्‌महिने केर काढलेला दिसेना. मला काही ते बघवेना. पदर खोचला, खोली लख्ख झाडली, केर पिशवीत भरला आणि खाली आलेल्या कचऱ्याच्या गाडीत नेऊन दिला. मास्तर आले, चकचकीत लादी पाहिली आणि तिथेच मटकन खाली बसले. अक्का, दागिने घडवतात तिथला केर टाकत नाहीत. कानस मारताना उडालेला चांदीचा कीस त्यात असतो. तो वर्षभर साठवून मग गाळायला देतात. हे आपल्याला कोण सांगणार? आपल्या आईने तर केर दाराबाहेर गेल्याशिवाय कधी चहा दिला नाही.

मी धावले. (या वयात, चपला हातात घेऊन.) गाडी ठाकुरद्वारच्या नाक्यावर सापडली. पिशवी लगेच ओळखली, कारण ती मसाल्याची रिकामी पिशवी होती, आपल्या लालबागच्या. रिकामी म्हणजे अगदीच रिकामी नव्हती. मास्तरांनी केर चाळायला मलाच बसवलं आणि तीन दिवस सगळा वर्ग शिंकत होता. मला वाटलं, आता घरी पाठवणार. ते एवढंच म्हणाले, "बाई, चांदी वाचली. आता चवीला कशी झालीय, तेवढं सांगा." केरसुणी मात्र त्या दिवसापासून कुलपात असते.

शेवटच्या परीक्षेला जोडवी करायची होती. पहिल्या जोडीचा घेर पाहून मास्तरांनी बैल कोणाचा म्हणून विचारलं. दुसरीला आच जास्त लागली आणि एका जोडव्याचा थेंब झाला. तिसरी जमली. ती या पत्रासोबत कापसात गुंडाळून पाठवली आहे. तुझ्या मापाची आहे. गेल्या मे महिन्यात मी गावी आले होते, तेव्हा तू बोलून गेलीस, की जोडवी काढल्यापासून पाय आपला वाटत नाही. त्याच दुपारी तू आडवी झालीस आणि पायाला मुंगी चढली म्हणून लाथ झाडलीस. ती मुंगी म्हणजे दोरा घेऊन बसलेली मी होते. कोर्सला तेव्हा नावही घातलं नव्हतं.

तुझी,
राधा

ता. क. : परीक्षेचा नियम फार कडक आहे. जोडवी जिच्या मापाची, तिने ती आठ दिवस पायात ठेवून सगळी कामं करायची आणि टोचतात का ते कळवायचं. त्याशिवाय सर्टिफिकेट नाही. तेव्हा माझ्यासाठी एवढं कर. कोणी काही बोललं, तर बहिणीची परीक्षा आहे म्हणून सांग.

ता. क. २ : असा काही नियम नाही. मी मंगळवारीच पास झाले. भावोजी गेले तेव्हा तुझी जोडवी काढणाऱ्या बायकांत मीही होते, अक्का. त्याचं मला अजून फार वाईट वाटतं. लोकांना पहिलाच ता. क. दाखव. आणि आठ दिवस संपले, की निकाल अजून लागायचाय म्हणून सांग.