दीड बोट खाली

आई, मी गाडी दीड बोट खाली घेतली. टायर आणि त्याच्यावरची पत्र्याची कमान यांच्यात पूर्वी माझी चार बोटं आरामात जायची, आता अडीच जातात. तुला हे सांगितलं असतं तर तू पदराला हात पुसत नुसती बघत राहिली असतीस. तुझ्या लेखी चांगली गाडी एकच, आपल्याला न घेता निघून जाते ती. तू गेलीस त्याला आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायचा तर मला ताईला बोलतं करावं लागतं. आणि हे सगळं ताईमुळेच घडलं, म्हणून तुला सांगावंसं वाटलं.

तुला गाडी लागायची. कुणाच्या लग्नाला जायचं ठरलं की आदल्या संध्याकाळपासून तुझं जेवण बंद. चुलीसमोर बसून तू सगळ्यांना तांदळाच्या भाकऱ्या थापून द्यायचीस, सुक्या बोंबलाचं कालवण वाढायचीस आणि स्वतः कोरा चहा घ्यायचीस. पोटात काही नसलं की बाहेर काय येणार, असा तुझा हिशेब. तरी यायचंच, पिवळं कडू पाणी. एकदा मामाच्या जीपमधून आपण सगळे अकलोलीला कुंडावर निघालो होतो. अर्ध्या वाटेत तू जीप थांबवायला लावलीस, झाडाआड जाऊन आलीस, तोंड पुसलंस आणि मामाला म्हणालीस, "तुम्ही चला फुडं. मी येतंय पाठून." आम्ही पुढे गेलो, आंघोळी केल्या, डबे उघडले, आणि बऱ्याच वेळानं तू रस्त्यानं चालत येताना दिसलीस. चपला हातात, चेहरा ताजा. कुंडाच्या पायरीवर बसून तू गरम पाण्यात पाय सोडलेस आणि डोळे मिटलेस. तो चेहरा मला अजून दिसतो. होडीत मात्र तुला कधी काही झालं नाही. माहेरी खाडी दाराशी, आणि वल्हं तुझ्याच हातात असायचं.

मी नाशिकला नोकरीला लागलो, खोली घेतली, तेव्हा तू एकदा यायचं कबूल केलंस. मी स्टँडवर उभा. बस येते, माणसं उतरतात, तू दिसत नाहीस. शेवटी कंडक्टर हातात एक गाठोडं घेऊन खाली उतरतो आणि विचारतो, पडघ्याच्या बाईंचा मुलगा कोण? त्यानंच सांगितलं, आई शहापूरच्या अलीकडे उतरल्या, पोराला एवढं द्या म्हणाल्या. गाठोड्यात तांदळाचं पीठ होतं, सुकट होती आणि माझी जुनी गोधडी, धुऊन घडी घातलेली. मी ते खोलीवर नेलं आणि तुझ्यासाठी घातलेल्या अंथरुणावर ठेवलं. ती खोली तू कधीच पाहिली नाहीस.

आणखी एक दिवस आहे. मी नुकताच गाडी शिकलो होतो. मित्राची गाडी मागून आणली आणि तुला पडघ्याच्या बाजारापर्यंत नेऊन परत आणलं. मला वाटत होतं, काय सुंदर चालवतोय मी. परत आल्यावर तू ओटीवर भिंतीला टेकून बसलीस, कपाळावर घाम. मी म्हणालो, एवढ्याशा अंतरात कशी लागते तुला? तू रागावली नाहीस. थोडा वेळ श्वास घेतलास आणि बोललीस, "गारी चालवनाऱ्याला गारी लागत न्हाय. म्हनून त्याला कलत न्हाय." ते ऐकून मी हसण्यावारी नेलं असेल. तेव्हा सगळंच हसण्यावारी जायचं.

ताईनं तुझं नाक घेतलं, तुझी चाल घेतली आणि हेही घेतलं. सासर पडघ्याच्या पुढच्या गावात, त्यामुळे तिचं सगळं आयुष्य पायी जाता येईल एवढ्याच टापूत गेलं. या वर्षी तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, नीट झालं. मग डॉक्टर म्हणाले, आता किरणांचे शेक द्यायचे. मशीनखाली झोपायचं, थोड्याच वेळाचं काम, पण रविवार सोडून रोज, आणि असं काही आठवडे. हॉस्पिटल ठाण्याच्या पलीकडे. भाऊजींना जाऊन काही वर्षं झाली, मुलं लांब असतात. तिकडेच खोली घेऊन राहू म्हटलं तर म्हणाली, मग म्हशी कोण बघेल? मी आता नाशिक सोडून भिवंडीत हार्डवेअरचं दुकान चालवतो. दुकान दुपारनंतर उघडायचं ठरवलं आणि रोज तिला न्यायला लागलो.

माझी गाडी तेव्हा उंच होती, सात माणसांची, वापरलेली घेतलेली. बसायला ऐसपैस. मी अभिमानानं म्हणायचो, ताई, बघ, गादीवर बसल्यासारखं वाटतं. पण हायवेवर गोडाऊनांच्या कंटेनरांमधून वाट काढताना, पुलांवर चढता-उतरताना ती गाडी डुलायची. एक खड्डा गेला की दुसरा येईपर्यंत हलत राहायची. ताई पुढच्या सीटवर काच उघडी ठेवून, हातात पिशवी धरून बसायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप यायची, मळमळ थोडीच कमी व्हायची. मग तिनं तुझा उपाय सुरू केला. सकाळी काहीच खायचं नाही. आधी आदल्या रात्रीचं जेवण निम्मं, मग तेही बंद.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी वजन केलं आणि मला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं, वजन असंच उतरत राहिलं तर शेक मध्येच थांबवावे लागतील, आणि मध्ये थांबवलेले चांगले नाहीत. परत येताना ताईनं गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला ती उकिडवी बसली, मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा, शेजारून ट्रक धूळ उडवत चाललेले. पोटात काही नव्हतंच. उठली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्यापासून मी न्हाय येत. झालं तेवढं पुरे." आई, तो सूर तुझा होता. भांडणाचा नव्हताच, त्यामुळे मला भांडताही येईना.

तिला घरी सोडून मी सरळ भिवंडीजवळच्या पूर्ण्याला गेलो. तिथे मोठमोठ्या गोडाऊनांच्या मागे एक मिस्त्री आहे. त्याचे वडील कापडाच्या लूमवर काम करायला उत्तरेतून इकडे आले, हा मात्र गाड्यांत रमला. जवान पोरं त्याच्याकडे गाड्या जमिनीला टेकतील इतक्या खाली करून घ्यायला येतात. मी फक्त शॉकअप बदलायला गेलो होतो. बहिणीचं, त्याच्या भाषेत आपाचं, सगळं सांगितलं. तो चावी घेऊन ड्रायव्हरच्या जागी बसला आणि मला म्हणाला, "आप आपा की जगह बैठो. आँख बंद करो." हायवेला लागून त्यानं मी चालवतो तशीच गाडी चालवली. मी डोळे मिटून बसलो. प्रत्येक वळणाला अंग एकीकडे कलतं, आणि गाडी सरळ झाली तरी आतलं काहीतरी मागे राहतं, ते जागेवर येईपर्यंत पुढचा हेलकावा. माणकोलीपर्यंत पोचायच्या आत मलाच मळमळायला लागलं. मी डोळे उघडून त्याला थांब म्हणालो. खाली उतरून उभा राहिलो आणि मला तुझी ओटी आठवली. एवढ्या वर्षांत मी त्या सीटवर कधी बसलोच नव्हतो.

मिस्त्रीचं म्हणणं असं की, माणसाला खड्डा लागत नाही, झुला लागतो. माझ्या स्प्रिंगा दमलेल्या, शॉकअप गेलेले आणि वर गाडी उंच. तिला थोडी खाली आणि थोडी घट्ट करायची, म्हणजे वळणावर कलणार नाही, खड्ड्यानंतर झुलणार नाही. परवानगीचं, विम्याचं काय लागतं ते विचारून घेतलं आणि काम करायला सांगितलं. त्यानं लाल रंगाच्या स्प्रिंगा बसवल्या, त्याच्याकडच्या सगळ्यात खाली नेणाऱ्या. परत येताना मी थक्क झालो. गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी चालत होती. ताईला फोन केला, म्हटलं, उद्या एकदाच ये, मग तुझ्या मनासारखं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला मळमळलं नाही. मी मनात खूश. मग पहिला गतिरोधक आला, आणि तिनं दोन्ही हात छातीवर धरले. दुसऱ्याला डोळ्यांत पाणी. गाडी झुलत नव्हती खरी, पण प्रत्येक दणका खालून उचलून सरळ तिच्या टाक्यांपर्यंत पोचवत होती. शेकानं तिथली कातडी आधीच लाल झाली होती. मी गाडी हळू केली, तरी तेच. ताई म्हणाली, "पोटान काय न्हाय. पन हितं मारतंय." उरलेला सगळा रस्ता मी बैलगाडीच्या वेगानं गेलो आणि मागून हॉर्न खात राहिलो.

त्याच दुपारी मिस्त्रीकडे गेलो. रागावूनच गेलो होतो. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "गलती मेरी. मैंने छोकरा लोग का सोच के लगा दिया." मग त्यानं लाल स्प्रिंगा काढल्या आणि दुसऱ्या दोन जोड्या माझ्यासमोर जमिनीवर ठेवल्या. मी उकिडवा बसून त्या कितीतरी वेळ बघत होतो, जसा मी आयुष्यात कुठला दागिनाही बघितला नसेल. एक जोडी माझ्या जुन्यासारखीच मऊ, फक्त नवी. ती घातली असती तर टाके वाचले असते, पण हेलकावे पुन्हा आले असते. दुसरी वेगळी होती. एका टोकाला वेटोळी जवळजवळ, दुसऱ्या टोकाला लांब लांब. मिस्त्रीनं जवळच्या वेटोळ्यांवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "छोटा गड्ढा ये खाएगा." मग लांबच्यांवर. "मोड़ पे ये खड़ा रहेगा." ती घातली की गाडी फक्त दीड बोट उतरणार होती. मी ती निवडली. तिला जोडीचे नवे शॉकअप घातले, आणि मी टायरांत नेहमी जास्तीची हवा भरून घ्यायचो ती त्यानं कमी करून गाडीच्या दारावर कंपनीनं लिहिलेली असते तेवढीच ठेवली. मग मी पुन्हा ताईच्या सीटवर बसलो, डोळे मिटून, हात छातीवर ठेवून. गतिरोधकावर अंग उचललं गेलं आणि जागेवर आलं, एकदाच. मी त्याला तोच गतिरोधक परत परत घ्यायला लावला.

ताईला काय सांगून आणलं ते विचारू नकोस. गाडीत बसली ती तोंड फिरवून. खाडीवरचा पूल आला. पुलावर तिनं काच वर केली. एवढंच. पण आई, काच वर केली म्हणजे काय ते तुला कळेल. शेक झाल्यावर, हॉस्पिटलबाहेर, ती म्हणाली, चहा घेऊ या का? मी चहाबरोबर बिस्किटाचा पुडा घेतला आणि तिच्याकडे न बघता मध्ये ठेवला. तिनं दोन बिस्किटं खाल्ली. पुढच्या आठवड्यात तिच्या घरी पोचलो तर ती ताटावर बसली होती, अर्धी भाकरी आणि दूध. मला बघून म्हणाली, "थांब, आवरतंय." मी अंगणात उभा राहून म्हशींकडे बघू लागलो, कारण माझा चेहरा तिनं बघितलेला मला नको होता.

सगळं सुरळीत झालं असं सांगून तुला फसवणार नाही. त्यानंतरही तिला दोनदा उलटी झाली, कातडी भाजल्यासारखी झाली, शेवटच्या दिवसांत ती इतकी थकली की मीच तिला धरून गाडीत बसवायचो. मळमळ कमी झाली त्यात गोळ्यांचाही हात असेल. माझ्या पायाचाही, मी आता ब्रेक लांबून, हळूहळू दाबतो, पुढे पाणी भरलेली घागर ठेवल्यासारखा. पण तिनं शेक पूर्ण केले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तीन महिन्यांनी दाखवायला या. ताई परतीच्या वाटेवर झोपली. चालत्या गाडीत, तोंड थोडं उघडं ठेवून, तुझी मुलगी झोपली होती. पडघ्याला वळताना मी इतका हळू वळलो की मागचा रिक्षावाला शिव्या देऊन पुढे गेला.

आता ती बरी आहे. घरातलं थोडंथोडं करते, आणि तिला माझ्या गाडीची काळजी लागली आहे. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा उंचवटा आहे, त्याला गाडीचं पोट घासतं. परवा म्हणाली, माझं काम झालं, आता पहिल्यासारखी वर करून घे, उगाच नुकसान कशाला? मी म्हटलं, जुन्या स्प्रिंगा भंगारात गेल्या.

गेल्या नाहीत. दुकानाच्या माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवल्यात. हे ताईला सांगायला मला लाज वाटते, आणि तिच्या हाती लागू नये म्हणून हा कागदही मी फाडून टाकणार आहे, पण तुला सांगायला हरकत नाही. तिला भेटून निघालो की मी कधीकधी दुकानाकडे वळत नाही. वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागतो. शेजारची सीट रिकामी असते, कुणाच्या टाक्यांची, कुणाच्या पोटाची काळजी नसते, आणि वळणावर गाडी अशी बसते की पुढे जाऊन मी परत फिरतो आणि तेच वळण पुन्हा घेतो. गाडी मी ताईसाठीच खाली घेतली, हे खरं आहे. पण ती तशीच ठेवली आहे ती माझ्यासाठी.