इबूंनी विकलेलं शेत

इबू,

तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं हे माहीत असूनही मी मराठीतच लिहितेय, कारण इंग्रजीत मला धड भांडता येत नाही. तेव्हाही आलं नव्हतं.

अमेरिकेतल्या नोव्हायच्या त्या अपार्टमेंटमध्ये आपली दारं समोरासमोर होती. दोन हजार दोनचा हिवाळा. माझा नवरा एका गाड्यांच्या कंपनीत, तुमचा मुलगा दुसरीत. मी शेतकीची पदवी घेऊन नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, म्हणजे इथे पगाराचं कुठलंही काम करायला मला बंदी. तुम्ही नातवंडं सांभाळायला जावा बेटावरच्या तुमच्या खेड्यातून आलेल्या. एके दिवशी दार वाजलं आणि तुम्ही भिजवलेल्या सोयाबीनचं पातेलं घेऊन उभ्या. तुमच्याकडचं टेंपे तुम्हाला करायचं होतं. सोयाबीन शिजवून, त्याला विरजण लावून, गुंडाळून उबेला ठेवायचं, की त्याची पांढरी घट्ट वडी होते. त्याचा वास तुमच्या सुनेला सहन होत नव्हता. मला म्हणालात, "तुझ्या घरी वास चालेल?" मी म्हटलं, आमच्याकडे सुके बोंबील भाजतात, वासाचं काय घेऊन बसलात! त्या दिवसापासून माझ्या किचनमधली हीटिंगच्या जाळीशेजारची जागा तुमची झाली. तुम्ही मला 'नाक' म्हणायला लागलात. तुमच्या भाषेत त्याचा अर्थ लेकरू, हे समजेपर्यंत मी दोनतीनदा आरशात पाहून आले होते. मी तुम्हाला इबू म्हणायला लागले, म्हणजे आई. तुमचं इंग्रजी लायब्ररीतल्या क्लासचं, माझं कॉलेजमधलं. जिथे दोन्ही अडायची तिथे हात चालायचे.

माझ्या पोळपाटाभोवती पीठ सांडलेलं आहे आणि तुम्ही त्यात बोटानं गाव काढताय. हा धूर सोडणारा डोंगर. हा त्याच्यावरून उतरणारा पाट. इथे नारळांखाली घरं, आणि इथे पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. त्यातलं एक तुमचं. तुमच्या वडिलांनी मुलांना आणि मुलींना सारखंच वाटून दिलेलं. त्यातलं अर्धं मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी विकलेलं, अर्धं उरलेलं. ते तुम्ही गावातल्या शेजारणीला अर्धेलीनं लावायला दिलं होतं. तिची स्वतःची वीतभरही जमीन नव्हती. कष्ट तिचे, जमीन तुमची, भात निम्मं निम्मं. आणि ज्या बायका लावणीला यायच्या त्यांचाच कापणीवर हक्क. कापलेल्यातला वाटा डोक्यावर घेऊन त्या घरी जायच्या. अलीकडे गावात कंत्राटदार येत होते. उभं पीक विकत घ्यायचे, ट्रकमधून स्वतःची माणसं आणायचे आणि दिवसभरात शेत साफ करून जायचे. लावणी केलेल्या बायका बांधावर उभ्या राहून बघायच्या. हे सांगताना तुम्ही पिठातलं तुमचं खाचर तळव्यानं झाकलंत. "माझ्या शेतात नाही," म्हणालात. "माझ्या शेतात कंत्राटदार नाही."

मला ते फार आवडलं होतं, इबू. आमचंही कोकणातलं भाताचंच घर. आजोबा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ म्हणून राबले आणि कायद्यानं ती जमीन त्यांच्या नावावर झाली, तेव्हा आजीनं वाडीत गूळ वाटला होता. दोन हजार चारमध्ये माझे वडील गेले आणि भावाचा फोन आला, की पुढच्या वेळी येशील तेव्हा हक्कसोडावर सही करून टाक. आमच्याकडे बहिणी करतातच. मी पण केली असती. तुमच्यापाशी सहज बोलून गेले, तर तुम्ही कणीक मळता मळता थांबलात. "का? तू मुलगी नाहीस का?"

"आहे. म्हणूनच तर."

तुम्हाला ते उत्तर कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, हातवारे करून सांगितलं, आणि सांगता सांगता मलाच ते कळेनासं झालं. मी भावाला नाही म्हटलं. जमीन मला विकायची नाही, कसायचीही नाही, तूच कर, पण माझं नाव राहू दे. तो म्हणाला, "अमेरिकेत राहून तुला ह्या चिखलाची हाव सुटली का?" त्या वर्षी पाठवलेल्या राखीची पोच आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आईचा जीव आमच्या दोघांत टांगला गेला. हे सगळं मी सोसलं, कारण माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही होता.

आणि मग पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही सही केलीत.

माझी मुलगी तेव्हा रांगत होती. तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसला होता. तुमचा मुलगा कागद घेऊन माझ्याच किचनमध्ये आला, कारण तुम्ही तिथेच सापडायच्या. नव्या वसाहतीत घर घ्यायचं ठरलं होतं, खाली बेसमेंट, मागे हिरवळ, आणि त्याच्या पहिल्या रकमेत तुमचं शेत जाणार होतं. गावातला एक मोठा जमीनदार घ्यायला तयार होता. मी विचारलं, "आणि ती शेजारीण? अर्धेलीवाली? तिला विचारलं?" मुलगा शांतपणे म्हणाला, "मी जबरदस्ती करत नाहीये. आईच रोज विचारते, घर कधी घेणार." मी तुमच्याकडे वळले. आवाज चढला होता माझा. "इबू, तुम्ही मला काय सांगितलं होतं? तो माणूस कंत्राटदारालाच पीक देणार, तुम्हाला माहितीये!" तुम्ही मुलीच्या केसांतून हात फिरवत म्हणालात, "ओरा पोपो." काही नाही, चालायचंच. तुमचा तो शब्द! सून वास येतो म्हणाली, ओरा पोपो. नातवंडं तुमच्या भाषेत उत्तर देईनात, ओरा पोपो. आणि आता शेतही ओरा पोपो.

मुलगा गेल्यावर तुम्ही माझ्यावर चिडलात. तुम्हाला चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "माझ्या मुलासमोर तू मला लहान केलंस. मी जमीन कशासाठी ठेवली होती? त्याच्यासाठी. तो परत जाणार नाही. मी मेल्यावर तो विकणारच, मग मी जिवंत असताना का नको?"

"आणि शेजारीण?"

तुम्ही उठून पातेलं घासायला घेतलंत. रात्री नवरा म्हणाला, "अगं, त्यांचा फॅमिली मॅटर आहे यार. तू कशाला इन्व्हॉल्व होतेस?" त्याला कसं सांगणार, की मी ज्यांच्या जोरावर सख्ख्या भावाशी वैर घेतलं, त्याच बाईनं ओट्यावर कागद ठेवून, पेन उमटत नव्हतं म्हणून दोनदा झटकून, सही केली होती.

तुम्ही नव्या घरी गेलात. मी कार ड्राइव्ह करून यायची, तुम्ही मागच्या हिरवळीच्या कडेला मिरच्या लावलेल्या दाखवायच्या. हिरवळीत भाजी लावलेली तिथल्या सोसायटीला चालत नाही, म्हणून पुढच्या खेपेला त्या उपटलेल्या असायच्या. शेताबद्दल तुम्ही बोलत नव्हता, मीही विचारत नव्हते. मग दोन हजार आठ उजाडलं आणि नोव्हायमध्ये घरोघर नोकऱ्या जाण्याचाच विषय झाला. आमची नोकरी कशीबशी टिकली. तुमच्या मुलाची गेली, पाठोपाठ घर बँकेनं घेतलं. तो कुटुंबासकट टेक्ससला निघाला आणि तिथे दोन खोल्यांत तुमची सोय होईना, म्हणून तुम्हाला गावी पाठवायचं ठरलं. कुठल्या घरी, मी विचारलं. गावातलं तुमचं घर तर पुतण्याकडे गेलं होतं.

ते तुम्ही नंतर फोनवर सांगितलंत. त्या शेजारणीनं तुम्हाला ठेवून घेतलं होतं! शेत विकल्यावर नव्या मालकानं तिला काढलं होतं. कापणीला परका ट्रक आला होता, जसं मी म्हटलं होतं तसंच. तिची थोरली मुलगी हाँगकाँगला कुणाच्या घरी कामाला गेली, तिच्या पगारावर घर चालत होतं, आणि त्या घरात तुम्हाला पुढची खोली मिळाली होती. मी म्हटलं, "ती काही बोलत नाही तुम्हाला?" तुम्ही म्हणालात, "नाही. रोज मला आधी वाढते. काही बोलत नाही. ते जड जातं, नाक." त्या वेळी तुम्ही ओरा पोपो म्हणाला नाहीत. मी वाट पाहत होते, इबू. खरंच त्या दिवशी तुम्ही म्हणायला हवं होतं.

त्यानंतर दोन पावसाळे तुम्ही जगलात. मुलाचा फोन आला तेव्हा मी इंडियन ग्रोसरीत रांगेत उभी होते. शेजारणीनंच शेवटपर्यंत केलं, म्हणाला. तो रडत होता आणि मी त्याच्यावर ओरडूही शकले नाही. तो वाईट मुलगा नव्हता. त्याला घर हवं होतं आणि तुम्हाला ते द्यायचं होतं, ह्यात मी कुणाला धरू? धरायला फक्त तुम्हीच उरता. एकदा तिला विचारायचं होतं. तिचं म्हणणं ऐकून मग विकायचं होतं. मीही तुमच्यावर ओरडण्याऐवजी, चला, आत्ताच तिला फोन लावू, असं म्हणू शकले असते; पण तेव्हा मला फक्त तुम्हीच दिसत होता.

तुमच्या मुलाकडे गावाचा पत्ता आहे. मी मागणार नाही. तिथे मराठी कोण वाचणार, आणि ज्या बाईला हे सगळं कळायला हवं तिला ते आधीच माहीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या भावाचा फोन आला. इतक्या वर्षांनी, अगदी मऊ आवाजात. आमच्या खाचरांच्या जागी पुण्याच्या कुणाला तरी फार्महाऊस बांधायचं आहे. वाडीत कसायला माणूस उरला नाही, तो म्हणाला, आणि ते खोटं नाही. नाव माझंही आहे, म्हणून सही माझीही लागेल. माझी मुलगी यंदा कॉलेजला जातेय. फोन ठेवल्यावर तुमचा इतका राग आला, की मी हे लिहायलाच बसले. पण इबू, मी भावाला अजून 'नाही' म्हटलेलं नाही.